एक कॅप, एक गोल: जिमी स्पीर्स

"स्कॉटलंडच्या फुटबॉल संघाकडून एकच सामना (म्हणजे एकच 'कॅप') खेळलेल्या जिमी स्पीर्सचं एवढं कौतुक कशाला?" प्रश्न रास्त आहे, पण आजची फूटपट्टी तिथे चालत नाही. तेव्हा स्कॉटलंड वर्षाला तीनच आंतरराष्ट्रीय सामने खेळायचा: इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडशी. त्यात कितीजणांची वर्णी लागणार? स्पीर्सला १९०८ मध्ये वेल्सविरुद्ध घेतलं, सामना २-१ असा जिंकला, आणि पुन्हा बोलावणं काही आलं नाही.

जन्म ग्लासगोचा, १८८६चा. आधी रेंजर्स, मग थोडे दिवस क्लाइड हे स्कॉटिश क्लब, आणि १९०९ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड सिटी क्लबात. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचं शहर. १९११ मध्ये स्पीर्सच्या कप्तानीखाली हा संघ एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांच्या मानाच्या बाद स्पर्धेच्या, अंतिम फेरीत पोहोचला. अकरापैकी आठ खेळाडू स्कॉटिश! समोर गतविजेता न्यूकॅसल. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावरचा सामना ०-० सुटला. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. चार दिवसांनी, २६ एप्रिलला, मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर फेरसामना. पंधराव्या मिनिटाच्या आसपास स्पीर्सने हेडर मारला, त्याच वेळी सहकारी फ्रँक ओरूर्क गोलकीपर लॉरेन्सच्या अंगावर धावून गेला, आणि चेंडू जाळ्यात. (गोलकीपरला खांद्याने धक्का देणं तेव्हा नियमात बसायचं.) तेवढ्या एका गोलवर कप आला. गंमत म्हणजे त्या वर्षीची ट्रॉफी नवी कोरी होती, आणि तिचं काम मिळालं होतं ब्रॅडफर्डच्याच फॅटोरिनी या जवाहिरांच्या पेढीला. क्लबने त्यानंतर आजतागायत असं मोठं विजेतेपद मिळवलेलं नाही, मग कौतुक होणारच.

डिसेंबर १९१२ मध्ये लीड्स सिटी क्लबचा मॅनेजर हर्बर्ट चॅपमन याने स्पीर्सला १,४०० पौंड मोजून आपल्या संघात आणलं. हाच चॅपमन पुढे आर्सेनलमुळे गाजला. १९१३-१४ मध्ये लीड्स दुसऱ्या डिव्हिजनमध्ये चौथा आला. वरचा डिव्हिजन थोडक्यात हुकला.

मग पहिलं महायुद्ध. स्पीर्स विवाहित, दोन लहान मुलांचा बाप. सक्तीची भरती १९१६ मध्ये आली, हा १९१५ मध्येच कॅमेरन हायलँडर्स या स्कॉटिश रेजिमेंटमध्ये आपणहून दाखल झाला. सार्जंट झाला, मिलिटरी मेडल हे शौर्यपदक मिळवलं आणि ऑगस्ट १९१७ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या तिसऱ्या लढाईत मारला गेला. वय ३१. त्याची कबर तिथल्याच डोची फार्म दफनभूमीत आहे.

लीड्स सिटी क्लबही पुढे टिकला नाही. युद्धकाळात खेळाडूंना बेकायदा पैसे दिल्याच्या आरोपावरून १९१९ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल लीगने त्याला हाकललं आणि त्याचे खेळाडू एका हॉटेलात लिलावाने विकले.