१३ इंची लॅपटॉपवर कोणतं रिझोल्यूशन ठेवावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: लॅपटॉप १३.३ इंची, पडद्याचं रिझोल्यूशन (आडवे × उभे ठिपके) १९२० × १०८०, स्केल (अक्षरं-चिन्हं किती मोठी दाखवायची तो आकडा) १०० टक्के. अक्षरं इतकी बारीक की डोळे ताणावे लागतात. म्हणून तुम्ही रिझोल्यूशन १३६६ × ७६८ केलंत, तर अक्षरं मोठी झाली खरी, पण सगळं धूसर दिसायला लागलं. आता या दोन्हींच्या मधलं एखादं रिझोल्यूशन हवंय, आणि पुढचा लॅपटॉप घेताना काय बघावं तेही विचारलंय.

मधलं रिझोल्यूशन शोधूच नका. १९२० × १०८० वर परत या आणि स्केल १५० टक्के करा. विंडोजमध्ये डेस्कटॉपवर राइट क्लिक, मग डिस्प्ले सेटिंग्ज. तिथे ‘स्केल’ आणि ‘डिस्प्ले रिझोल्यूशन’ असे दोन ड्रॉपडाउन एकाखाली एक असतात. बहुतेक लोक खालच्याला हात घालतात, बदलायचा असतो वरचा. रिझोल्यूशनच्या यादीत ज्याच्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलंय ते बहुतेक वेळा पडद्याचं मूळ रिझोल्यूशन असतं. ते एकदा निवडायचं आणि विसरून जायचं.

आता धूसर का दिसलं ते बघू. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर फिरायचा, त्यामुळे तो वेगवेगळी रिझोल्यूशनं बऱ्यापैकी सारख्याच सफाईने दाखवायचा. रिझोल्यूशन बदलून अक्षरं मोठी करायची सवय तिथूनच आलेली आहे. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्याचं तसं नाही. तुमच्या पडद्यावर आडवे १९२० ठिपके कारखान्यातच बसवलेले आहेत, त्यातला एकही कमी करता येत नाही. तुम्ही १३६६ निवडता तेव्हा संगणक १३६६ ठिपक्यांचं चित्र तयार करतो आणि ते ताणून १९२० ठिपक्यांवर बसवतो. भागाकार येतो साधारण १.४. म्हणजे चित्रातल्या एका ठिपक्याला पडद्यावरचा एक पूर्ण ठिपका मिळतो आणि शेजारच्याचा निम्म्याहून थोडा कमी भाग. अर्धा ठिपका काळा करता येत नाही, म्हणून तो करडा होतो. एखाद्या अक्षराचा काना नेमका एका ठिपक्यावर बसून ठळक येतो, पुढच्याच अक्षराचा काना दोन ठिपक्यांत विभागून फिका पडतो. एकाच ओळीत असं सगळीकडे झालं की डोळ्यांना ते ‘धूसर’ वाटतं.

त्यात क्लिअरटाइप या विंडोजच्या अक्षरं रेखीव करणाऱ्या सोयीची भर. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवी आणि निळी अशा तीन उभ्या पट्ट्या असतात. क्लिअरटाइप त्या स्वतंत्रपणे वापरून अक्षराच्या कडा जास्त सफाईने काढतं. हा हिशोब तयार चित्र जसंच्या तसं पडद्यावर उतरणार असं धरून केलेला असतो. ते चित्र नंतर ताणलं की कडेला तांबूस-निळसर झाक येते. पांढऱ्या पानावरच्या काळ्या मजकुराकडे जवळून बघा, लगेच दिसेल.

खात्री करायची असेल तर डिस्प्ले सेटिंग्जमध्येच खाली ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ आहे. तिथे दोन आकडे असतात, एक डेस्कटॉपचा आणि एक ‘ॲक्टिव्ह सिग्नल’चा, म्हणजे पडद्याकडे प्रत्यक्ष जाणाऱ्या चित्राचा. रिझोल्यूशन कमी केल्यावर लॅपटॉपवर बहुधा असं दिसतं की डेस्कटॉप १३६६ × ७६८ आणि सिग्नल मात्र १९२० × १०८०. मधल्या मध्ये चित्र ताणलं जातंय याचा हा पुरावाच.

स्केल वाढवल्यावर काय वेगळं होतं? तिथे तयार चित्र ताणलं जात नाही. संगणक प्रोग्रामला सांगतो की अक्षरं दीडपट मोठी काढ, आणि फॉन्ट म्हणजे रेषांची मोजमापं असल्यामुळे ते मोठं अक्षर पहिल्यापासून नव्याने, सगळे ठिपके वापरून काढलं जातं.

गंमत म्हणजे १३६६ × ७६८ करून तुम्हाला जो आकार मिळाला, तोच हवा असेल तर कस्टम स्केलमध्ये १४० टाका. १९२० भागिले १.४ म्हणजे जवळजवळ १३६६. अक्षरं तेवढीच मोठी, पडद्यावर मजकूरही तेवढाच, फक्त प्रत्येक अक्षर काढायला जवळपास दुप्पट ठिपके. पण कस्टम स्केल लागू व्हायला साइन आउट करावं लागतं, आणि बाहेरचा मॉनिटर जोडला की त्यालाही तोच आकडा लागतो. म्हणून तयार दिलेल्या १२५ किंवा १५० पैकी एक घेणं सोयीचं.

१५० वर काही लोकांची तक्रार असते की पडद्यावर काहीच मावत नाही, मग फुल एचडी (म्हणजे १९२० × १०८०) घेऊन उपयोग काय? १५० टक्क्यांवर १९२० × १०८० चा पडदा १२८० × ७२० इतकीच जागा देतो. साध्या १३६६ × ७६८ पेक्षाही कमी! हिशोब बरोबर आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. खोलीत लहान फरश्या बसवल्या की फरश्यांची संख्या वाढते, खोली वाढत नाही. १३.३ इंची पडदा साधारण २९ सेंटिमीटर रुंद आणि साडेसोळा सेंटिमीटर उंच असतो. त्यावर किती मजकूर मावेल हे तुम्ही अक्षर किती मिलिमीटरचं ठेवता यावर ठरतं. ठिपके जास्त असले की तेच अक्षर जास्त रेखीव येतं, आणि ते रेखीव असल्यामुळे थोडं लहान ठेवलं तरी वाचता येतं. जागेचा फायदा होतो तो एवढाच, तोही आडवळणाने. म्हणूनच नजर चांगली असेल तर १२५ टक्के करून बघा, १५३६ × ८६४ इतकी जागा मिळते. चार दिवस वापरून डोळे शिणले तर १५० वर जा.

मराठीत वाचणाऱ्यांना रेखीवपणाचा हा फायदा इंग्रजीवाल्यांपेक्षा जास्त जाणवतो असं माझं स्पष्ट मत आहे. ‘वर्षांपूर्वी’ हा शब्द घ्या. ब्राउझरमधला नेहमीचा अक्षरांचा आकार १६ ठिपक्यांचा. तेवढ्याच उंचीच्या आसपास मध्ये शिरोरेषा, तिच्यावर ‘षां’चा रफार आणि त्याला खेटून अनुस्वार, पुढे ‘पू’चा दीर्घ उकार खाली, आणि शेवटी ‘वी’च्या वेलांटीवर पुन्हा रफार. शिरोरेषेच्या वरच्या सगळ्या कारभाराला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके ठिपके मिळतात. १०० टक्क्यांवर रफार आणि अनुस्वार मिळून एक डाग होतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘ष’ आणि ‘प’ संदर्भाने ओळखावे लागतात. १५० टक्क्यांवर त्याच आकाराला २४ ठिपके मिळतात आणि रफार रफारासारखा दिसतो. इंग्रजीच्या छोट्या अक्षरांना वरखाली असं फारसं काही नसतं, त्यामुळे इंग्रजी परीक्षणं वाचून ठरवलेलं रिझोल्यूशन आपल्याला अपुरं पडू शकतं.

स्केल वाढवल्यावर एखादा जुना प्रोग्राम तेवढा धूसर दिसेल. त्याला स्केल कळत नाही, म्हणून विंडोज त्याचं चित्र ताणतं. त्या प्रोग्रामच्या एक्झी (.exe) फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’, तिथे ‘ओव्हरराइड’वर टिक करून ‘सिस्टीम (एनहान्स्ड)’ निवडा. ही सोय विंडोज १० मध्ये २०१७ पासून आहे. सगळ्या प्रोग्रामना लागू पडत नाही, पण एका प्रोग्रामसाठी अख्ख्या लॅपटॉपचं रिझोल्यूशन बदलण्याआधी हे करून बघाच.

ज्यांच्या पडद्याचं मूळ रिझोल्यूशनच १३६६ × ७६८ आहे त्यांना मात्र वरचा सल्ला जसाच्या तसा लागू नाही. तिथे स्केल १२५ केलं तर उंचीला जेमतेम ६१४ उरतात, आणि विंडोज ११ ची किमान अपेक्षाच ७२० ची आहे. मग खिडकीतलं ‘ओके’ बटण पडद्याच्या खाली जातं. १०२४ × ६०० वाल्या नेटबुकांवर (जुन्या छोट्या, स्वस्त लॅपटॉपवर) ज्यांनी काम केलंय त्यांना हा त्रास ठाऊक असेल. (असं कधी अडकलात तर ऑल्ट आणि स्पेसबार, मग एम दाबा आणि बाणांच्या कळांनी खिडकी वर सरकवा.) अशा पडद्यावर स्केल १०० च ठेवा. फक्त अक्षरं मोठी हवीत तर ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये ‘टेक्स्ट साइझ’चा स्लायडर आहे, आणि ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह. टास्कबार आपोआप लपेल असा ठेवा. विंडोज ११ चा टास्कबार ४८ ठिपके उंच असतो, म्हणजे ७६८ पैकी सहा टक्के जागा तोच खातो.

मॅकवर वेगळीच तऱ्हा आहे. २५६० × १६०० च्या पडद्यावर सेटिंग दाखवतं ‘१४४० × ९००’, आणि लोक घाबरतात. तो आकडा जागेचा असतो, ठिपक्यांचा नाही. मॅक आतल्या आत २८८० × १८०० चं चित्र काढून ते पडद्याच्या मापाला आणतो. त्यामुळे तिथे दिलेल्या पर्यायांपैकी डोळ्यांना बरा वाटेल तो बिनधास्त घ्या.

आता खरेदी. नुसत्या रिझोल्यूशनपेक्षा एका इंचात किती ठिपके येतात ते बघा. १३६६ × ७६८ हे ११.६ इंची पडद्यावर इंचाला १३५ पडतं, आणि त्याला जितकं हिणवतात तितकं ते वाईट नाही. तेच १५.६ इंचावर १०० च्या आसपास येतं, ते घेऊ नका. तुमच्या १३.३ इंचावर फुल एचडी म्हणजे १६६. सामान्य निरोगी डोळा साधारण कोनाच्या एका अंशाच्या ६० व्या भागाइतका फरक ओळखतो. अर्ध्या मीटरवरून पाहिलं तर याचा हिशोब इंचाला १७५ ठिपक्यांच्या जवळपास जातो. म्हणजे १६६ ला तुम्ही त्या मर्यादेच्या अगदी जवळ आहात. २५६० × १६०० म्हणजे २२७. दिवसभर वाचन-लेखन असेल, विशेषतः देवनागरीत, तर तेवढ्याने अक्षरांच्या कडा अजून गुळगुळीत होतात आणि पैसे वाया जात नाहीत. त्यापुढचा फोर-के (३८४० × २१६०), इंचाला ३३१, हा १३ इंचांवर मला निव्वळ मिरवण्याचा आकडा वाटतो. फुल एचडीच्या चौपट ठिपके रंगवायचे, ठिपके बारीक म्हणून मागचा दिवा जास्त लख्ख ठेवायचा, आणि हे सगळं बॅटरीवर.

त्यापेक्षा पडद्याच्या रुंदी-उंचीचं प्रमाण बघा. १६:९ ऐवजी १६:१० घ्या, म्हणजे १९२० × १२००. १३.३ इंचातच उंची सव्वा सेंटिमीटरने वाढते आणि रुंदी अगदी थोडी घटते. पानं, तक्ते, ईमेल सगळं उभं वाचायचं असतं, तिथे या वाढीव उंचीने खरोखर फरक पडतो. आणि पॅनल आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न पालटणारा एलसीडीचा प्रकार) आहे ना ते विचारून घ्या. स्वस्त टीएन पॅनलवर मान जरा हलली की रंग पालटतात. तिथे रिझोल्यूशन कितीही असलं तरी वाचायला त्रासच.

गेम खेळताना रिझोल्यूशन कमी करायला हरकत नाही, पण ते गेमच्या आतल्या सेटिंगमध्ये करा, विंडोजमध्ये नको. प्रोजेक्टर जोडताना ‘डुप्लिकेट’ निवडलंत तर दोन्ही पडद्यांना एकच रिझोल्यूशन लागतं आणि बऱ्याचदा लॅपटॉपचंही खाली येतं. ‘एक्स्टेंड’ निवडलं तर ज्याचं त्याच्याकडे राहतं. आणि मूळ रिझोल्यूशनवर परत जाताना यादीत १९२० × १०८० दिसतच नसेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडाप्टरचं नाव बघा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर’ असं असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर (विंडोजला ग्राफिक्सचा भाग नीट चालवू देणारा प्रोग्राम) बसलेला नाही. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तो टाका, रीस्टार्ट करा, यादी पूर्ण दिसेल.