सीबॅक फॉर्म भरताना

प्रिय डॉक्टर,

उपकेंद्रावर रुजू झालीस, आता तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी, शुगर, कर्करोग अशा आजारांचा धोका गुणांनी जोखणारा तक्ता, तुझ्या टेबलावर येणार. भरून आणतील आशाताई, पण त्यात खरं किती उतरतं हे तू त्यांना विचारायला कसं शिकवतेस यावर ठरेल. वय, तंबाखू, दारू, कंबर, शारीरिक हालचाल आणि घरातला आजार, एवढ्यांनाच गुण आहेत. बेरीज चारच्या वर गेली की तो माणूस आधी तपासायचा. चार किंवा त्याहून कमीवाल्यालाही तपासायचंच असतं, फक्त घाई नसते. हे दुसरं वाक्य हमखास विसरलं जातं.

सगळ्यात जास्त घोळ तंबाखूच्या रकान्यात होतो. "तंबाखू खाता का?" असं विचारलं की पन्नाशीची बाई "छे, छे" म्हणते आणि ती खोटं बोलत नसते. ती मशेरी लावते, आणि मशेरी तिच्या लेखी दात घासायची वस्तू. म्हणून विचारायचं, "दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?" तीन-चार वेळा मशेरी लावणारी बाई दातांसाठी लावत नसते, ती भाजलेल्या तंबाखूतलं निकोटीन मागत असते. फॉर्ममध्ये ते "रोज" म्हणून जातं, दोन गुण. पुरुषांना बिडी, चुना-तंबाखू, गुटखा, मावा, विदर्भात असशील तर खर्रा, असं एकेक नाव घेऊन विचार. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, त्यामुळे पुडीचं नाव कोणी आपणहून काढत नाही. चुन्यामुळे निकोटीन तोंडातून झपाट्याने शोषलं जातं आणि गालाची कातडीही भाजते. "नुसती सुपारी खातो" म्हणणाऱ्याला सोडू नको. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, शिवाय तिच्यामुळे गाल आतून ताठ होत जातात. तीन बोटं उभी करून तोंडात जात नसतील तर तोंड आवळायला लागलंय असं समज. टॉर्च लावण्याआधी विचार, "तंबाखूची गोळी कुठल्या बाजूला धरता?" आधी तिथेच बघ, मग जिभेखाली. पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेली जखम दिसली की मलमावर वेळ न घालवता पुढे पाठव.

कंबर मोजताना लाज आडवी येते, मग आशाताई साडीवरूनच टेप फिरवतात. निऱ्यांची जाडी त्यात धरली जाते. परकराची नाडी रुतलेल्या जागी मोजलं तर उलट चूक होते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, टेप आडवा सरळ, श्वास सोडल्यावर मोजायचं. बाईची ८० सेंटीमीटरपर्यंत आणि पुरुषाची ९० पर्यंत शून्य गुण. वजनकाट्यापेक्षा या टेपवर जास्त विश्वास ठेव, त्याला कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. आपल्याकडचा "काटकुळा" माणूस शुगर घेऊन येतो तो असा. हाता-पायांनी बारीक आणि पोट पुढे आलेलं दिसलं, तर बीएमआय काहीही असो, रक्त तपास.

हालचालीच्या प्रश्नाला "शेतात राबतो" हे उत्तर ठरलेलं. पेरणी-काढणीत ते खरं असतं, एरवी तोच माणूस मोटारसायकलवरून बांधापर्यंत जाऊन येतो. गेल्या आठवड्यात काय केलं ते विचार. आठवड्याला १५० मिनिटं धरायची, म्हणजे पाच दिवस अर्धा तास.

बीपीची चूक मात्र तुझी स्वतःची असेल, आशाताईंची नाही. चालत आलेल्या माणसाला पाच मिनिटं बसव. चहा, तंबाखू अर्ध्या तासाच्या आत नको, लघवीला जाऊन येऊ दे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून तिच्याखाली कफ बांधू नको, बाहीच दंड आवळते. जाड दंडाला लहान कफ लावला तर आकडा उगाच वाढून येतो. मोजताना तूही बोलू नको, त्यांनाही बोलू देऊ नको. मिनिटभराने परत मोज आणि सरासरी लिही. १४०/९० किंवा वर आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. एका आकड्यावर कुणाला जन्माचा पेशंट करू नये.

"मीठ कमी खा" हा सल्ला कुणीच पाळत नाही, कारण कमी म्हणजे किती हे त्यात नसतं. त्यापेक्षा हिशेब कर. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चार माणसांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅम. "किलोचा पुडा किती दिवस पुरतो?" वीस दिवसांत संपत असेल तर माणशी साडेबारा ग्रॅम झालं. जनावरांना घातलेलं मीठ वजा कर. पापड, लोणचं, वेफर्स, फरसाण मात्र वरून धर. पापडखारात आणि खाण्याच्या सोड्यातही सोडियमच असतं. सैंधवाने बीपी वाढत नाही ही समजूत गावोगाव आहे, पण तेही मीठच.

चुलीच्या धुराला फॉर्ममध्ये गुण नाहीत, तरी तो रकाना वाच. बिडीला हात न लावलेल्या बाईला दम लागतो, त्याचं कारण पुष्कळदा तिथे लिहिलेलं असतं. गॅस आहे का एवढंच विचारू नको, पाणी कशावर तापवता तेही विचार.

शुगर मोजताना हात साबणाने धुऊन कोरडे करून घे. केळं सोललेल्या बोटावर आकडा भलताच येतो. बोट पिळू नको, कडेला टोच. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लाव, पावसाळ्यात ओल लागली की पट्ट्या वाया जातात.

आणि ज्यांच्या गोळ्या सुरू झाल्या त्यांना "घेताय ना?" विचारून उपयोग नाही, सगळे मान डोलावतात. बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद करणारे पुष्कळ असतात. पुढच्या महिन्याच्या गोळ्या देताना आधीच्या पट्ट्या, रिकाम्या असोत की अर्ध्या, सोबत आणायला सांग. उरलेल्या गोळ्या मोज, पण रागावू नको, नाहीतर पुढच्या वेळी पट्ट्याच येणार नाहीत.