उघड्यावरच्या इलेक्ट्रिक पॅनेलचे स्क्रू गंजतात, आटे जातात. सगळे स्टेनलेसचे लावले तर चालेल का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: पंपाजवळ उघड्यावर पत्र्याचं कंट्रोल पॅनेल बसवलंय. वर्षभरात स्क्रू गंजले, ग्लँड प्लेटचे (केबल आत घेण्याच्या पट्टीचे) दोन निघतच नाहीत आणि दाराचा एक नुसताच फिरतो. सगळेच स्टेनलेस स्टीलचे आणले तर प्रश्न मिटेल का, आणि बसवताना काय बघायचं?

मी बरीच वर्षं पॅनेल जोडण्याचं आणि जागेवर बसवण्याचं काम करतो. स्टेनलेसने गंजाचा त्रास बराच कमी होईल. पण फिरणारा स्क्रू त्याने धरणार नाही, कारण तिथे दोष स्क्रूचा नाही, पत्र्याचा आहे. शिवाय पॅनेलमध्ये काही स्क्रू नुसते धरून ठेवतात, काही पाणी अडवतात आणि काहींच्या भरवशावर माणसाचा जीव असतो. या सगळ्यांना एकाच मापाने मोजून चालत नाही.

पाना हातात घेण्याआधी सप्लाय पॅनेलच्या आधीच्या स्विचवरून बंद करा. पॅनेलमधला मेन स्विच पाडला तरी त्याच्या येणाऱ्या बाजूच्या टर्मिनलवर वीज असतेच, आणि दार किंवा ग्लँड प्लेट खोलताना हात नेमका तिथेच जातो. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासा, मग इथे लावा. आतली जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

आता तो फिरणारा स्क्रू. पॅनेलचा पत्रा साधारण १.६ ते २ मिमीचा असतो. एम६ म्हणजे ६ मिमी जाडीच्या बोल्टच्या दोन आट्यांमधलं अंतर १ मिमी. म्हणजे १.६ मिमी पत्र्यात थेट टॅप मारला, म्हणजे भोकात आटे पाडले, तर दीडच आटा मिळतो, आणि त्यातलाही काठाचा अर्धवट. निदान तीन पूर्ण आटे पकडीत हवेत. दहा-वीस वेळा दार उघडझाप केल्यावर तो दीड आटा सोलून निघतो. मग माणूस काय करतो? एक माप मोठा स्क्रू घालतो किंवा पत्र्याचा स्क्रू जोर लावून बसवतो. दोन्ही उपाय महिन्या-दोन महिन्यांचे. आतल्या माउंटिंग प्लेटचं वेगळं: ती २.५ मिमी असेल तर एम४ चे साडेतीन आटे बसतात, कॉन्टॅक्टर (मोटार चालू-बंद करणारा स्विच) किंवा टर्मिनलच्या रेलसाठी तेवढे पुरतात. पण दार, झाकण, वजन पेलणारा ब्रॅकेट यांसाठी पत्र्यात टॅप मारू नका.

तिथे रिव्हेट नट लावा, म्हणजे भोकात घालून हत्याराने ओढला की मागून फुगून पत्र्याला पकडणारा नट. एका बाजूनेच बसतो, आत हात पोचला नाही तरी चालतं. एम६ साठी साधारणपणे ९ मिमीचं भोक लागतं, एम५ साठी ७ मिमीचं. तरी पाकिटावरचं माप वाचाच, आणि तुमच्या पत्र्याची जाडी त्या नटाच्या पकडीच्या पल्ल्यात बसते का तेही बघा. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते भोक. साध्या ड्रिलने पातळ पत्र्यात मोठं भोक पाडलं तर ते गोल येत नाही, तिकोनी येतं. त्यात नट वरवर घट्ट वाटतो, पण बोल्ट जरा आवळला की बोल्टसकट फिरायला लागतो, आणि मग ना आवळता येतो ना काढता येतो. पायऱ्यांचं स्टेप ड्रिल वापरा, भोक गोल येतं. दोन्ही बाजूंचा बुर (काठावरचा धारदार कंगोरा) काढा, उघड्या पडलेल्या काठाला झिंक प्रायमर लावा आणि मगच नट ओढा. कॉलर पत्र्याला चौफेर टेकली पाहिजे. एका बाजूला नख शिरत असेल तर नट तिरका बसलाय. पावसाच्या बाजूला असेल तर बंद तोंडाचा रिव्हेट नट घ्या, नाहीतर पाणी त्याच्या पोटातून आत येतं.

नवीन पॅनेल बनवून घेत असाल तर दाबून बसवायचे क्लिंच नट किंवा वेल्ड केलेले स्टड (बिनडोक्याचे आट्यांचे दांडे) मागा. क्लिंच नट नेहमी ज्या बाजूने ओढ आहे त्याच्या उलट बाजूने बसवतात, म्हणजे बोल्ट आवळला की तो पत्र्यात आणखी रुततो. साधा क्लिंच नट स्टेनलेसच्या पत्र्यात रुतत नाही, त्यासाठी वेगळा येतो.

भोक पाडताना उडणारा कीस हा पॅनेलचा मोठा वैरी आहे. आधी आतली उपकरणं कापडाने नीट झाका. झाल्यावर हवा मारू नका. हवेने कीस उडून कॉन्टॅक्टरच्या फटीत जाऊन बसतो. व्हॅक्यूमने ओढून घ्या. लोहचुंबक पत्र्याचा कीस उचलतो, पण तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा तसाच राहतो. याच कारणासाठी स्वतःच भोक पाडत जाणारे स्क्रू जोडलेल्या पॅनेलवर मला अजिबात पटत नाहीत. कीस आत पडतो आणि टोकदार शेंडा वायरच्या इन्सुलेशनकडे रोखून राहतो.

आता स्टेनलेस. ए२ म्हणजे ३०४, ए४ म्हणजे ३१६. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, म्हणून खारी हवा, क्लोरीन किंवा खताच्या वाफा असतील तिथे तेच घ्या. बाकी ठिकाणी ए२ पुरतं. डोक्यावर ए२-७० लिहिलेलं असतं, त्यातल्या ७० चा अर्थ ताणबळ ७०० मेगापास्कल. ८.८ च्या साध्या बोल्टचं ८०० असतं. पॅनेलच्या दारासाठी हा फरक बिनमहत्त्वाचा.

तीन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. एक, स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट मशीनने भरकन चढवला तर अर्ध्यात जाम होतो. घर्षणाने वरचा पातळ थर खरवडला जातो आणि दोन्ही धातू एकमेकांना चिकटतात. मग तो कापूनच काढावा लागतो. आट्यांना अँटी-सीझ (जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा आणि हाताने, सावकाश चढवा. ते लावल्यावर घर्षण कमी होतं, त्यामुळे तेवढाच जोर लावला तर बोल्टवर ताण जास्त येतो. म्हणून टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, थोडा कमी ठेवा.

दुसरं धातूंच्या जोडीचं. ओल्या जागी दोन वेगळे धातू टेकले की त्यातला कमकुवत गंजतो, आणि तो आकाराने लहान असेल तर झपाट्याने गंजतो. ॲल्युमिनियमच्या मोठ्या बॉक्सवर स्टेनलेसचा छोटा स्क्रू बहुतेक निभावतो. याउलट स्टेनलेसच्या बॉक्सवर ॲल्युमिनियमचे रिव्हेट किंवा झिंकचे स्क्रू लावले तर ते आधी संपतात.

तिसरं, तुमचा गंज नक्की कुठला आहे ते बघा. बऱ्याचदा लाल ओघळ स्क्रूचा नसतो, भोकाच्या काठाचा असतो, जिथे पावडर कोटिंग उडालंय. तिथे नुसता स्टेनलेसचा स्क्रू बदलून ओघळ थांबणार नाही.

ग्लँड प्लेटचे अडकलेले स्क्रू काढताना गॅसचा बर्नर जवळ आणू नका, केबल आहेत. गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा, मग हातोडीने ठोकायच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरने सोडवा. बिट कोणती ते आधी बघा. डोक्यावर साध्या क्रॉसच्या मधे चार बारीक तिरक्या रेघा असतील तर तो पोझीड्राइव्ह आहे, त्याला साधी फिलिप्स बिट लावली की ती बाहेर सटकते आणि खाच गुळगुळीत होते. टर्मिनलच्या स्क्रूंचं असं वाटोळं झालेलं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय.

पाण्याचं म्हणाल तर बॉक्सवर धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा आकडा असतो, त्या आयपी६५ मधला ६ म्हणजे धूळ अजिबात आत नाही आणि ५ म्हणजे कोणत्याही बाजूने पाण्याचा फवारा मारला तरी नुकसान नाही. पण हे बॉक्स बनला तेव्हाचं. तुम्ही पाठीला चार भोकं पाडून भिंतीला ठोकलंत की ते गेलं. बाहेरच्या कानांनी म्हणजे माउंटिंग ब्रॅकेटनेच टांगा. पाठीतून जावंच लागलं तर रबर चिकटवलेले सीलिंग वॉशर घाला आणि रबर काठाशी जरा फुगेपर्यंतच आवळा. आणखी पिळलं की ते बाहेर सरकून फाटतं. वरच्या पत्र्याला भोक कधीच पाडू नका. केबल खालून आणा.

दाराचे स्क्रूही जोर लावून पिळायचे नसतात. जास्त आवळलं की दोन स्क्रूंच्या मधला पत्रा फुगतो आणि पाणी तिथूनच आत येतं. कागदाची पट्टी दारात धरून बंद करा आणि ओढा. चारही बाजूंनी ती सारखीच अडली पाहिजे. कुठे अलगद निघाली तर तिथलं गॅस्केट, म्हणजे दाराची रबरी पट्टी, दबून चपटं झालंय.

आता अर्थिंग. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. एका पॅनेलच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणून मला बोलावलं होतं. दारावर पुश बटणं आणि मीटर होते. अर्थची वायर जागेवर, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) जागेवर, नट चांगला घट्ट. मीटर लावला तर दार आणि अर्थ यांच्यात जोडच नाही. नट काढला, वॉशर उचलला, तर खाली पावडर कोटिंग जसंच्या तसं, त्यावर वॉशरचा गोल चकचकीत ठसा. स्टडच्या आट्यांवरही रंग भरलेला होता. बोल्ट घट्ट होता म्हणून तिथे संशय घ्यावा असं कुणालाच वाटलं नव्हतं. आत एका वायरचं इन्सुलेशन बिजागरीपाशी कापलं गेलं होतं आणि दार जिवंत झालं होतं.

म्हणून अर्थच्या जागेचा रंग खरवडून चकचकीत धातू काढा, आट्यांवरून डाय (आटे साफ करायचं हत्यार) फिरवा, दातेरी वॉशर लावा आणि वरून उघड्या धातूला रंग किंवा ग्रीस द्या, नाहीतर वर्षभरात तिथेच गंज येऊन जोड तुटतो. बिजागरीवर विसंबू नका. दाराला हिरवी-पिवळी लवचिक वायर वेगळी जोडा आणि दार पूर्ण उघडलं तरी ती ताणली जाणार नाही एवढी लांब ठेवा. अर्थचा स्टड दुसऱ्या कशाला धरायला वापरू नका. पॅनेलच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी ६१४३९-१ मध्ये, उघडा धातू आणि अर्थ यांच्यातला रोध ०.१ ओहमपेक्षा जास्त नको असं आहे, आणि तोही निदान १० अँपिअर प्रवाह सोडून मोजायचा. मल्टिमीटरचा बीप वाजला म्हणजे काम झालं असं समजू नका. तो अगदी जेमतेम प्रवाह सोडतो. वायरची एकच काडी जोडलेली असली तरी वाजतो.

बसबार (वीज वाहणारी तांब्याची पट्टी) आणि मोठ्या लगचं एकच सांगतो: वॉशर कधीही लग आणि तांब्याच्या पट्टीच्या मधे घालू नका. वीज बोल्टमधून जात नाही, पट्टीतून लगमध्ये थेट जाते. स्टेनलेसचा रोध तांब्याच्या सुमारे ४० पट, मधे वॉशर आला की तिथे शेगडीच झाली. तांबं तापल्यावर पोलादी बोल्टपेक्षा जास्त फुगतं, बोल्टखाली दबतं, आणि गार झाल्यावर पकड सैल होते. शंकूच्या आकाराचा वॉशर हा फरक सांभाळून घेतो. टॉर्क उपकरणाच्या कागदावर दिलेलाच लावा. अंदाज यावा म्हणून, ८.८ च्या कोरड्या बोल्टला एम६ ला सुमारे १० न्यूटन-मीटर आणि एम८ ला सुमारे २५ येतो. रिव्हेट नटाला आणि टर्मिनलच्या स्क्रूला याच्या बरंच खाली.

पंप जवळ आहे म्हणजे थरथर आलीच. स्प्रिंग वॉशर घातला की नट सैल होत नाही हा समज फार खोलवर बसलाय. गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनीअरने १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्ट सैल होतो तो मुख्यतः आडव्या हादऱ्याने, जोडलेले भाग एकमेकांवर सरकल्यामुळे. स्प्रिंग वॉशर बोल्ट पुरता आवळायच्या आधीच सपाट होतो, पुढे तो साध्या वॉशरसारखाच. म्हणून ब्रॅकेटला नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला नट, लावा, एक-दोन आटे बाहेर दिसू द्या, आणि काढलेला नट पुन्हा वापरू नका. साधारण १२० अंशांच्या पुढे त्यातलं नायलॉन मऊ पडतं, त्यामुळे तापणाऱ्या जागी तो नको. आणि शक्य असेल तर पॅनेल पंपाच्या फ्रेमवर न ठेवता वेगळ्या खांबावर उभं करा. हा उपाय सगळ्या वॉशरांपेक्षा मोठा.

पुढे कधी प्लॅस्टिकचा बॉक्स घेतलात तर आट्यांना लावायचा थ्रेडलॉकर त्यावर वापरू नका, पॉलीकार्बोनेट आणि एबीएसला त्याने तडे जातात. झाकणाचा स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा, 'टक्' करून जुन्या आट्यात उतरला की मग सरळ फिरवा. नाहीतर दर वेळी नवा आटा कापला जातो आणि भोक मोकळं होतं.

सगळं आवळून झालं की प्रत्येक नटावरून शेजारच्या पत्र्यावर पेंट मार्करची एक सरळ रेघ ओढा. महिन्याने सप्लाय बंद करून दार उघडा आणि रेघा बघा. जिथे रेघ तुटलेली दिसेल तोच नट फिरलाय. तो खोलून वॉशर, भोक आणि आटे तपासा आणि टॉर्क पाना लावून परत बसवा. जिथे रेघ अखंड आहे तिथे पाना लावू नका.