खामगावजवळच्या खेड्यात राहतो, थंडी सोसत नाही. कायमचं जायचं तर कॅनडा की ऑस्ट्रेलिया?

फक्त थंडीच बघायची तर ऑस्ट्रेलिया, त्यातही ब्रिस्बेन. तिथला हिवाळा जून ते ऑगस्ट, पहाटेचा पारा साधारण १० अंश. आपल्या गोंदियात कधीकधी याहून जास्त हुडहुडी भरते. कॅनडातल्या विनिपेगला जानेवारीत उणे ३० पर्यंतही उतरतं, उभ्या गाडीचं इंजिन रात्री विजेवर गरम ठेवावं लागतं. व्हँकुव्हर सौम्य, पण पाऊस अन् घरभाडं दोन्ही भारी. मात्र भाऊ, खरी चाळणी गुणांची: वय, शिक्षण, इंग्रजी, अनुभव. ऑस्ट्रेलियाच्या गुणांवरच्या कौशल्य व्हिसाला किमान ६५ गुण अन् ४५ च्या आतलं वय लागतं, आणि ६५ भरले म्हणजे बोलावणं येतंच असं नाही. तुमचं काम त्यांच्या व्यवसाय-यादीत आहे का, ते आधी सरकारी साइटवर बघा; एजंटला पैसे नंतर.