दुसऱ्यांदा जा, पण आधी धाकट्याची उंची मोजा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मागच्या मे महिन्यात नागपूरहून हैदराबादच्या वंडरला या मनोरंजन पार्कला जाऊन आलात. मुलगी १४ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. दोघंही "पुन्हा चला" म्हणून मागे लागलीत. आणि तुम्हाला प्रश्न पडलाय की पाचशे किलोमीटर जाऊन त्याच राइड्स, तेच जेवण, मग पैसे वसूल होतात का.

आम्ही तीनदा जाऊन आलो. राइड्सपुरतं विचाराल तर दुसरी फेरी पहिलीपेक्षा जास्त देऊन जाते. जेवणासाठी मात्र पुन्हा जाण्याचं काही कारण नाही. तिसरी फेरी लगेच करू नका, दोन-तीन वर्षं जाऊ द्या.

मी ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे या विषयात माझा जीव जरा जास्तच अडकतो. उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिल्या फेरीत आपला निम्मा दिवस राइड शोधण्यात जातो. नकाशा हातात, एक पोरगं पाण्याकडे ओढतंय, दुसऱ्याला भूक लागलीय, आणि जिथे गर्दी दिसेल तिथे आपण रांगेत. संध्याकाळी हॉटेलवर येऊन मोजलं तेव्हा आमच्या फक्त नऊ राइड्स झाल्या होत्या. दुसऱ्या वेळी पाय आपोआप योग्य वाटेने वळतात. गेट उघडल्याबरोबर सरळ रिकॉइल या रोलर कोस्टरकडे गेलो आणि पहिल्या तासाभरात तिच्यावर तीनदा बसून झालो. तिकिटात राइड्स आलेल्याच असतात, तेव्हा तीच राइड पुन्हा करायला वेळेशिवाय काही लागत नाही.

आता रिकॉइलबद्दल सविस्तर सांगते, कारण पुन्हा जाण्याचं खरं कारण तीच आहे. ही डच कंपनी वेकोमाची 'बूमरँग' जातीची रोलर कोस्टर. हिचा रूळ गोल फिरून परत येत नाही, दोन्ही टोकांना उंच चढ आहेत आणि मध्ये वळसे. आधी गाडी उलटी, म्हणजे पाठीकडून, पहिल्या चढावर ओढून नेतात. साधारण ३५ मीटर उंची, म्हणजे अकरा-बारा मजली इमारत धरा. तिथून सोडली की स्टेशनातून सुसाट पुढे जाते, तीनदा उलटी-पालटी होते आणि दुसऱ्या चढावर शिरते. घर्षणात ऊर्जा खर्च झालेली असते, त्यामुळे ती आपल्या बळावर टोकापर्यंत पोचत नाही. उरलेलं अंतर चेन ओढून नेते. तिथून पुन्हा सोडतात आणि तेच तीन वळसे पाठमोरे.

तुम्ही पुढे बसला होतात की मागे? हे आठवून बघा, कारण उत्तर त्यात आहे. पहिल्या चढावर गाडी पाठीकडून वर जाते, म्हणून सगळ्यात उंच जाते ती शेवटची रांग, आणि सगळ्यांची तोंडं जमिनीकडे. मागच्या रांगेतून अख्खी गाडी आपल्या पायाखाली लटकलेली दिसते, खाली स्टेशनाचं छप्पर, रांगेतली माणसं मुंगीएवढी. शिवाय गाडी उतरायला लागली की पुढचे डबे आधी सपाटीवर येतात, मागचे तेव्हाही उतारावरच असतात. शेवटची रांग सपाटीवर पोचते तेव्हा सगळी गाडी उतरून झालेली असते आणि वेग सगळ्यात जास्त. म्हणून खालच्या वळणावर मागच्यांना सीटमध्ये दाबल्यासारखं जास्त वाटतं. दुसऱ्या चढावर सगळं उलटं होतं. तिथे पुढची रांग सगळ्यात वर आणि समोर फक्त आकाश. परत येताना तीच पुढची रांग गाडीची शेपटी होते. म्हणजे एका जागेवर बसलेल्या माणसाला राइडचा अर्धाच अनुभव मिळतो. दुसरा अर्धा दुसऱ्या टोकाला बसल्याशिवाय मिळत नाही. माझ्या लेकीने पुढे बसून "ठीक आहे" म्हटलं होतं. मागे बसून उतरली तेव्हा माझा हात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, ही वेगळीच राइड आहे गं." गर्दी कमी असेल तर गेटवरच्या मुलाला विनंती करा, आम्हाला हवी ती रांग मिळाली.

रांगेचं गणितही याच रचनेतून निघतं. रूळ गोल नसल्यामुळे एका वेळी एकच गाडी धावू शकते, आणि तिच्यात २८ माणसं बसतात. चढणं, पट्टे तपासणं, फेरी, उतरणं असं सगळं मिळून तीन मिनिटं धरा. तुमच्यापुढे ३०० माणसं असतील तर अकरा फेऱ्या, म्हणजे अर्धा तास सहज गेला. मे महिन्याच्या रविवारी एवढी माणसं असतातच. त्या दिवशी दुसऱ्या टोकाला बसायची हौस कोणी करत नाही.

सगळ्याच राइड्स अशा नाहीत, हेही सांगायला हवं. पडद्यावर चित्रं आणि खाली हलणाऱ्या खुर्च्या, असल्या राइड्स एकदाच. पुढे काय येणार ते माहीत झालं की लक्ष खुर्चीच्या धक्क्यांकडेच जातं. गोल गोल फिरवणारे मोठे झोपाळे दुसऱ्यांदाही तेवढेच आवडतात, जास्त नाही. पाण्यातलं मात्र दर वेळी वेगळं. चौघांची गोल ट्यूब वरून सुटली की फिरत फिरत खाली येते. कोण तोंड पुढे करून पडेल आणि कोण पाठमोरं, हे सुटल्यावरच ठरतं. एका वेळी नवरा पाठमोरा आला, पुढच्या वेळी मी, आणि वळणाआधी समोर बसलेल्याचा चेहरा बघूनच कळतं की आता काय येतंय. लाटांच्या तलावाचं तर विचारूच नका, तिथून पोरांना बाहेर काढायला हात धरून ओढावं लागतं. एवढंच करा, गेल्या गेल्या पाण्याच्या राइड्सच्या वेळा बघून घ्या, आणि नायलॉनचे कपडे घरूनच न्या.

आता तुमच्या मुलाबद्दल. वंडरलाला लहान मुलांचं तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं, आणि १४० सेंटीमीटर ही तिथली मोठी रेघ आहे. मोठ्या थरारक राइड्सनाही साधारण तीच अट. आमच्या पहिल्या फेरीला मुलगा १३६ होता. रिकॉइलच्या दारात उंचीची पट्टी लावलेली. हा आधीच टाचा उचलून उभा. तिथल्या मुलाने हसून त्याचे खांदे हलकेच दाबले, टाचा टेकवल्या, मग केस चापून तळहात डोक्यावर आडवा धरला. तळहात आणि रेघ यांच्यामध्ये दोन बोटं होती. "अगले साल आना, पक्का बिठाऊंगा," तो म्हणाला. माझं पोर काही बोललं नाही. बहीण आणि बाबा वर जाताना खालून बघत राहिलं, आणि गाडी उलटी झाली तेव्हा मान खाली घातली.

घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघा सुरू झाल्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. वर्षभराने तो १४२ झाला आणि आम्ही गेलो. त्या दिवशी पट्टीखाली तो इतका ताठ उभा राहिला की मान दुखली असेल. दारातला मुलगा या वेळी कोणी दुसरा होता, त्याने नुसती नजर टाकली आणि आत सोडलं. त्या फेरीचे पैसे वसूल झाले का, असं मला कोणी विचारलं तर मी तोच क्षण सांगते. त्याच्यासाठी ते पार्क पहिल्यांदाच उघडलं होतं.

जेवणाचं बोलायचं तर कुठल्याही पार्काच्या स्वयंपाकघराची अडचण एकच असते: दुपारी एक ते दोनमध्ये सगळे एकदम भुकेले. त्या तासात हजारोंना वाढायचं म्हणजे भात, रस्सा आणि तळलेलं, एवढंच जमतं. पुन्हा गेल्याने त्यात काही वाढत नाही. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा पावणेबाराला नाहीतर अडीचला जेवा, निदान गरम आणि निवांत मिळतं. उन्हात दहीभातासारखं दुसरं काही नाही. बिर्याणी खायचीच असेल तर रात्री शहरात, आणि उलट्यापालट्या राइड्स जेवणाआधी संपवा. आपल्याकडच्या एका वॉटर पार्कात (नाव घेत नाही) दुपारचे समोसे संध्याकाळी पुन्हा तळून दिले होते. रात्रभर लेकीच्या पोटात दुखलं. तेव्हापासून पार्कात संध्याकाळचं तळलेलं आम्ही खात नाही.

वाटेवरचं खाणं मात्र पुन्हा जायला लावणारं आहे. गाडीने गेलात तर जाम, हिंगणघाट, पांढरकवडा, पाटणबोरी करत पैनगंगा ओलांडायची. पांढरकवड्याच्या आसपास न्याहारी करून घ्या, तर्रीवाले पोहे त्यापुढे मिळायचे नाहीत. आदिलाबादला पाटी तेलुगू असली तरी हॉटेलातला माणूस बरेचदा मराठीतच विचारतो, "काय देऊ?" पुढे निर्मल लागतं, तिथली लाकडाची रंगीत खेळणी नावाजलेली आहेत. आमच्या घरी तिथली फळं आणि पक्षी कपाटात मांडलेत. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या घेऊन निघतो. रेल्वेने जायचं तर सप्टेंबर २०२४ पासून नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत आहे, पहाटे निघून दुपारी पोचवते. पण पार्क रविर्यालला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला, आऊटर रिंग रोडच्या १३ नंबरच्या एक्झिटजवळ आहे. त्यामुळे एक मुक्काम धरूनच चाला.

आणि कधी जायचं? मे महिना सोडा. ही गोष्ट आपल्या विदर्भातल्या लोकांनी नक्की लक्षात ठेवावी. तेलंगणातल्या शाळा गेली काही वर्षं १२ जूनच्या सुमारास सुरू होतात. आपल्याकडे उन्हामुळे राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात नाहीतर जुलैच्या तोंडावर उघडतात. मधले निदान दहा-बारा दिवस आपली पोरं मोकळी आणि तिकडची वर्गात. त्या दिवसांतला मंगळवार-बुधवार गाठा. आमची दुसरी फेरी अशीच होती, म्हणून तर एका तासात तीनदा बसता आलं. पाऊस असतो, जोराची सर आली किंवा वीज कडाडली की उंच राइड्स थांबवतात, ते धरून चाला. पण आभाळ आलेलं असताना त्या चढावर बसणं ४५ अंशांत बसण्यापेक्षा शंभरपट बरं. तुमची मुलं दुसऱ्या मंडळाच्या शाळेत असतील तर सुट्टीच्या तारखा आधी बघून घ्या.

दर वर्षी जायची हौस असेल तर त्यासाठी नागपूरच्या आसपासचे वॉटर पार्क आहेत, अमरावती रोडवर बाजारगावकडे, सावनेर रोडला. मी लहान असताना अंबाझरीला क्रेझी कॅसल होतं, आता ते नाही. दर उन्हाळ्यात बाबा एकदा न्यायचे आणि मी एकाच घसरगुंडीवरून वीस-वीसदा यायची. बसून, आडवी होऊन, हात वर करून. पाठीची कातडी लाल व्हायची, पण पाय पुन्हा जिन्याकडे वळायचे. तिथे नवीन काही बघायला मिळेल म्हणून आम्ही जात नव्हतो. तास-दीड तासाच्या अंतरावर तेवढा आनंद मिळत असेल तर दर मार्चमध्ये जावं, ऊन तापायच्या आत.

तुमच्या बाबतीत मला असं वाटतं: मुलीसाठी रिकॉइलची मागची रांग अजून बाकी आहे, पण एकटीसाठी पाचशे किलोमीटर जाऊ नका. ९ वर्षांची मुलं साधारण १३० सेंटीमीटरच्या आसपास असतात आणि या वयात वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतात. आज रात्री धाकट्याला चौकटीला उभं करून मोजा, टाचा टेकवून आणि केस दाबून. १४० भरत असेल तर याच जूनमध्ये जा. १३५ च्या पुढे असेल तर पुढच्या जूनची तिकिटं धरा. त्याखाली असेल तर दोन वर्षं थांबा, तोवर बाजारगाव आहेच.