रिपोर्ट नॉर्मल, पण पाण्यात उतरायला मनच होत नाही

प्रश्न: ताई, मी 19 वर्षांची, फोंड्याची, 100 मीटर बटरफ्लाय करते. चवथीच्या आधी डेंग्यू झाला, ॲडमिट होते. आता रिपोर्ट नॉर्मल आहेत पण दोन लॅप मारले की हात जड होतात, टायमिंग कुठच्या कुठे गेलंय. रात्री झोप नाही, प्रॅक्टिसचं नाव काढलं की रडू येतं. पप्पा म्हणतात आळस आलाय, सर म्हणतात जोर लाव. मी परत पहिल्यासारखी पोहेन का? आणि डिप्रेशनच्या गोळ्या घेतल्या तर डोपिंगमध्ये अडकायला होतं काय?

उत्तर: अगो बाय, हा आळस नाही, आळशी पोर प्रॅक्टिससाठी रडत नाही. प्लेटलेट वर आल्या म्हणजे डेंग्यू रिपोर्टपुरता संपला, थकवा पुढे कित्येक आठवडे राहू शकतो, आणि त्याबरोबर मन खचणं पण बऱ्याच जणांत दिसतं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड बघितलंय का ते डॉक्टरांना विचार. सरांना स्पष्ट सांग, सध्या हलकं पोहणार, दुसऱ्या दिवशी जास्त गळून गेल्यासारखं वाटलं तर अजून कमी करणार.

टायमिंगचं म्हणशील तर जपानची रिकाको इकी बघ, तुझाच इव्हेंट. 2018 मध्ये 56.08 चा नॅशनल रेकॉर्ड, फेब्रुवारी 2019 मध्ये ल्युकेमिया, म्हणजे ब्लड कॅन्सर, निघाला, डिसेंबरला घरी आली आणि पाण्यात उतरली ती थेट मार्च 2020 मध्ये. एप्रिल 2021 ला तिने ह्याच इव्हेंटमध्ये जपानची नॅशनल जिंकली, टायमिंग 57.77, म्हणजे स्वतःच्याच रेकॉर्डपेक्षा दीड सेकंदाहून जास्त मागे, आणि तरी टोकियो ऑलिंपिकच्या रिले टीममध्ये गेली. तू पहिल्यासारखी पोहशीलच अशी गॅरंटी मी देणार नाही, खोटं कशाला बोलू, पण जुन्या टायमिंगशी रोज स्वतःला मोजणं आत्ता बंद कर, सध्या घड्याळ सरांकडेच राहू दे.

पप्पांना अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सचं सांग. 2021 मध्ये टोकियोत टीम फायनल अर्ध्यावर सोडली, लोकांनी काय काय बोलून घेतलं, तिने थेरपी घेतली, 2023 ला परतली आणि पॅरिसला 3 गोल्ड, 1 सिल्व्हर. तिला कोणी आळशी म्हणेल काय?

आता सगळ्यात महत्त्वाचं. झोप नाही, रडू येतं, हे दोन आठवडे किंवा जास्त चाललंय ना, मग थांबू नको, बांबोळीला आयपीएचबी, म्हणजे मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल, तिथल्या ओपीडीत जा, आईला सोबत ने. जगणंच नको असं कधी मनात आलं तर त्याच क्षणी घरात कोणाला तरी उठव आणि 14416 लाव, टेली मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, चोवीस तास चालू असतं, पैसे लागत नाहीत.

गोळ्यांचं: डिप्रेशनवर नेहमी देतात त्या एसएसआरआय गोळ्या वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत नाहीत. तरी डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांग की मी कॉम्पिटिशन खेळते, आणि चिठ्ठीवरचं प्रत्येक औषध यादीत तपासून घे. डोपिंगच्या भीतीने उपचारच टाळू नको गो.