भावाचं वजन वाढतंय, कपाटाला कुलूप लावू का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे. दोन वर्षांत त्याचं वजन १४ किलोंनी वाढलं. तो चिडला की आई त्याच्या हातात काहीतरी गोड ठेवते. मी खाऊच्या कपाटाला कुलूप लावलं, तर आता तो रात्री उठून मिळेल ते खातो आणि सापडला की रडतो. दोन वर्षांपूर्वी चिडचिडीसाठी त्याला रिस्पेरिडोन सुरू झालंय. आई मला निर्दय म्हणते. माझं चुकतंय का?
एक बहीण

ताई,

निर्दय माणूस असं पत्र लिहीत नाही. तरीही कुलूप काढा, असंच मी सांगेन. गोळी सुरू झाली दोन वर्षांपूर्वी आणि वजनही तेव्हापासूनच वाढतंय, हे तुमच्या लक्षात आलंय का? रिस्पेरिडोनने भूक वाढते. रात्री उठून खाणं हा त्याचा हावरेपणा नसेल, त्याला खरंच भूक लागत असेल.

गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, कमीही करू नका. ज्यांनी ती दिली त्या डॉक्टरांना विचारा, अजून लागते का, डोस उतरवता येईल का, भूक कमी वाढवणारं दुसरं औषध चालेल का. मुळात चिडचिड कशाने सुरू झाली होती, हेही विचारा. दुखरा दात, बद्धकोष्ठता, जवळचं कुणी दुरावणं, हे ज्याला शब्दांत सांगता येत नाही तो चिडतो.

त्याच फेरीत थायरॉइड आणि रक्तातली साखर तपासून घ्या. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं इतकं आढळतं, की मोठेपणीही ही तपासणी नियमित व्हायला हवी. सुस्ती, कोरडी त्वचा, वाढतं वजन समोर दिसत असूनही ‘तो आहेच तसा’ म्हणून सोडून देतात, याचा मला फार राग येतो. तो घोरत असेल, दिवसा पेंगत असेल, तर तेही सांगा. झोपेत श्वास अडखळणं या व्यक्तींमध्ये पुष्कळ दिसतं.

कुलपाचं म्हणाल तर, प्रेडर-विली सिंड्रोम या वेगळ्या, जन्मजात विकारात पोट भरल्याची जाणीवच होत नाही; तिथे कुलूप हा काळजीचाच भाग असतो. तुमच्या भावाच्या बाबतीत कुलपाने तो स्वतःच्याच घरात चोर ठरलाय. त्यापेक्षा जे त्याच्यासाठी नको, ते घरात आणूच नका, कुणासाठीच नाही.

आईशी भांडू नका. त्याला शांत करायचा हा एकच हुकमी उपाय इतकी वर्षं त्यांच्या हाताशी होता, दुसरा कुणी दाखवलाच नाही. तो कोणत्या वेळी चिडतो, ते दोघी मिळून आठवडाभर लिहून ठेवा. बरेचदा त्या वेळेला करायला काहीच नसतं, असं लक्षात येतं. आवडतं गाणं, एक चक्कर, मामा-मावशीला फोन, काय चालतं ते त्यालाच विचारा.

आणि ताई, तो ३४ वर्षांचा आहे. त्याच्या वजनाबद्दल त्याच्याशी कुणी बोललंय का? चित्रं दाखवून बोला. दोन पदार्थांपैकी एक त्याला निवडू द्या, ताट त्याचं त्याला वाढून घेऊ द्या. डाउन सिंड्रोममध्ये उंची सहसा कमी असते, त्यामुळे अन्नाची गरजही कमी. इतरांच्या अंदाजाने वाढलेलं ताट त्याला जास्तच होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला, त्यात दिव्यांग प्रौढही आले. रोज थोडा वेळ नाचला तरी उत्तम सुरुवात. कोलांट्याउड्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, कारण डाउन सिंड्रोममध्ये मानेचे सांधे सैल असू शकतात.

सुरुवातीला वजन वाढायचं थांबलं तरी पुरे. आणि पुढे कधी काही न करता ते आपोआप उतरू लागलं, तर खूश होऊन गप्प बसू नका. गिळताना त्रास, दातदुखी, नैराश्य, कधी लवकर सुरू होणारा स्मृतिभ्रंश, यांची ती खूण असू शकते. त्याच आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे न्या.